खोरं आधी, सायकल नंतर

गेल्या शनिवारी पुन्हा हाताला फोड आले. उजव्या अंगठ्याच्या खाली, दरवर्षी येतात तिथंच, आणि दरवर्षीसारखी मला आबांची आठवण आली.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुस्तीची तालीम होती आणि आबांचं निम्मं आयुष्य तिथं गेलं. पहाटे उठून आधी हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, उकरायचा, सगळी माती खालीवर करायची, ढेकळं फोडायची, मग जोर-बैठका, मग लढत. सकाळी आई माझ्या हातात थंडाईची किटली द्यायची आणि मी ती तालमीच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचे. पोरींनी आत यायचं नाही हा नियम होता, मला त्याचा तेव्हा राग यायचा आणि खरं सांगते अजून येतो, पण उंबऱ्यावर उभं राहून मी ती माती इतकी बघितलीय की काय सांगू. लाल माती, चाळून घेतलेली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, आणि त्या सगळ्याचा घामात मिसळून येणारा वास. आबा मूठभर माती उचलायचे, दाबायचे, मूठ उघडून तिच्याकडे बघायचे आणि ठरवायचे आज पाणी किती मारायचं.

आता मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहते, लीहाय व्हॅलीत, बेथलहेमपासून थोड्या अंतरावर. मागची आठ वर्षं मार्च-एप्रिलचे माझे बहुतेक शनिवार एका जंगलात खोरं घेऊन जातात. बीएमएक्ससाठी. मी स्वतः चालवत नाही, माझा मुलगा चालवतो, किंवा चालवायचा म्हणू, त्याच्यावर पुढं येतेच. पण माती मी उकरते, आणि हा लेख त्या मातीबद्दल आहे आणि ती सोडून माझा पोरगा जिकडं गेला त्या रस्त्याबद्दल.

ज्यांना बीएमएक्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २० इंची चाकांची, गिअर नसलेली, बुटकी सायकल. ऑलिम्पिकमध्ये लोकांनी बघितली असेल, शर्यत २००८ ला बीजिंगपासून आहे आणि रॅम्पवरच्या कसरतींचा फ्रीस्टाइल प्रकार टोकियोपासून. पण बीएमएक्सवाल्यांना विचाराल तर ज्यावरून ते एकमेकांना ओळखतात असे दोन प्रकार वेगळेच आहेत आणि ते दोन्ही ऑलिम्पिकमध्ये नाहीत. एक ट्रेल्स, म्हणजे जंगलात हातानं बांधलेल्या मातीच्या उड्या. दुसरा स्ट्रीट, म्हणजे शहरातले जिने, रेलिंग, कट्टे, भिंती, जे काय समोर येईल ते. सायकल तीच, चाक तेच, आणि तरी दोघांचा स्वभाव इतका वेगळा की एकाच घरातले दोन भाऊ वाटावेत, एक शेती बघणारा आणि एक शहरात गेलेला.

मूळ दोघांचं एकच, आणि ते मातीत. १९६३ मध्ये श्विन कंपनीनं स्टिंग-रे नावाची पोरांची सायकल काढली, उंच हँडल, लांब सीट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या मोटरसायकली बघून तसंच आपल्या सायकलवर रिकाम्या प्लॉटमध्ये करायला लागली. स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाचा एक १३-१४ वर्षांचा मुलगा होता, त्यानं १९७० मध्ये लाँग बीचच्या एका पडीक जागेवर शर्यती भरवल्या. तेरा-चौदा वर्षांचा! म्हणजे हा खेळ पोरांनीच काढला, कुठल्या मोठ्या माणसानं बसून तयार केलेला नाही. पुढं कंपन्या आल्या, पैसा आला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो फुगा फुटला. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, बाजारातल्या फ्रेम मोठ्या उड्यांना टिकेनात, मग चालवणाऱ्या पोरांनीच कंपन्या काढल्या. कॅलिफोर्नियात एस अँड एम १९८७ ला, नव्वदच्या सुरुवातीला ओक्लाहोमात मॅट हॉफमनची. त्याच सुमारास शहरातले जिने-कट्टे हेच मैदान मानणारी पोरं वाढली, रॉन विल्करसननं तर त्याच्या स्पर्धांना नावच मीट द स्ट्रीट दिलं. एक वाट जंगलात गेली, एक शहरात.

आमच्या भागातली वाट जंगलात गेली. बेथलहेमचं पॉश आणि शेजारच्या कॅटसॉक्वाचं कॅटी, ही दोन नावं ट्रेल्सवाल्यांच्यात जगभर माहीत आहेत. बेथलहेम तसं पोलादाचं गाव, गोल्डन गेट पुलाचं पोलाद इथल्या कंपनीचं. १९९५ ला इथल्या भट्ट्या थंडावल्या, त्या अजून उभ्या आहेत, नदीकाठी, गंजलेल्या, प्रचंड. सायकलीची फ्रेमसुद्धा क्रोमोलीची म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची असते, आणि मला नेहमी वाटतं की त्या बंद भट्ट्यांच्या सावलीत पोरं पोलादाची सायकल घेऊन माती खणत बसली होती, यात काहीतरी आहे. काय आहे ते मला नीट धरता येत नाही.

मी ज्या ट्रेलवर जाते त्याचं नाव सांगणार नाही. तो तिथला नियम आहे आणि मी पाळते. कुठं गाडी लावायची, कुठून आत शिरायचं हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. नेटवर टाकायचं नाही. कारण बहुतेक ट्रेल्सची जमीन बांधणाऱ्याच्या नावावर नसते. कोणाचं तरी पडीक जंगल असतं, रेल्वेच्या कडेचा तुकडा असतो, कधी मालकाला माहीत असतं आणि तो कानाडोळा करतो, कधी माहीतच नसतं. पेनसिल्व्हेनियात १९६६ चा एक कायदा आहे, लोकांना फुकट खेळायला-फिरायला जमीन मोकळी ठेवली तर कोणी पडलं-झडलं त्याची जबाबदारी मालकावर सहसा येत नाही असा. पण तो मुख्यतः जशी आहे तशा मोकळ्या जमिनीसाठी, आणि सहा-सहा फुटी मातीचे ढीग रचले की वकील वेगळं बोलायला लागतात. म्हणून गर्दी नको, गाजावाजा नको, बिअरच्या बाटल्या नकोत. टेक्सासमध्ये ऑस्टिनला शहराच्या मधोमध बागेतच नाइन्थ स्ट्रीट आहे, कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला शीप हिल्स आहे, ही जगाला माहीत असलेली उदाहरणं, पण बहुतेक ट्रेल्स अशी नसतात. झाडाआड जगतात.

पहिल्या दिवशी माझा पोरगा अकरा वर्षांचा होता. शाळेतल्या मित्राच्या मोठ्या भावानं यायला सांगितलेलं. मी त्याला गाडीनं सोडायला गेले, म्हटलं कुठल्या जंगलात कुठल्या लोकांबरोबर, मी थांबणारच. आत गेलो तर दहा-बारा जण, सोळा वर्षांपासून पन्नाशीपर्यंतचे, आणि एकही जण सायकलवर नव्हता. सगळ्यांच्या हातात खोरी. मार्चचा शेवट होता, झाडांना पानं नव्हती. माझा पोरगा सायकल धरून उभा, त्याला वाटलं उडी मारायला मिळणार. एक दाढीवाला, पन्नाशीचा, अंगावर चिखल वाळलेला, त्याच्याकडे आला, काही न विचारता त्याच्या हातात दाताळं दिलं, पानं ओढायला सांगितली. मग तो माझ्याकडे वळला. मी कोट घालून, हातात गाडीची किल्ली घेऊन उभी. त्यानं माझ्याही हातात खोरं दिलं.

बास, एवढंच. त्याला काही विशेष वाटलं नसणार, उभा असलेला माणूस म्हणजे रिकामे हात एवढाच त्याचा हिशोब. पण माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं आणि मी तोंड फिरवून उकरायला लागले. बेचाळीस वर्षांची होते मी. आबा जाऊन तीन वर्षं झाली होती.

नो डिग, नो राइड, असा त्यांचा मंत्र. उकरलं नाही तर चालवायचं नाही. खोरं आधी, सायकल नंतर. बाहेरच्याला हे दादागिरीसारखं वाटतं आणि कधीकधी असतंही, काही ठिकाणचे लोकल्स फार कडक असतात, नव्या पोराला घालवून देतात, ते मला पटत नाही. पण मूळ गोष्ट मला लगेच कळली कारण आमच्या तालमीत वेगळं काय होतं, नवा पोरगा आला की आधी सहा महिने हौदा उकरणार, पाणी मारणार, वस्तादाचं अंग रगडणार, आणि मग कधीतरी त्याचा हात धरला जाणार.

आता माती कशी लावतात ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. एक उडी म्हणजे दोन ढीग. पहिला चढाचा, त्याला लिप म्हणतात, उभा, वर जाताना आत वळलेला, सायकलला आभाळात सोडणारा. दुसरा उतरायचा, लँडिंग, जास्त लांब आणि सौम्य. मध्ये खड्डा. अशा जोड्या एकामागं एक, मध्ये वळणावर बर्म, म्हणजे तिरका बांधच. पहिली उडी मारली की पायडल मारायचं नाही, उतरताना सायकल जमिनीत दाबायची, त्या दाबण्यातून पुढच्या उडीचा वेग काढायचा. म्हणजे सगळं त्या मातीच्या आकारावर. लिप दोन बोटं वाकडी झाली तर माणूस हवेत वाकडा होतो.

माती चिकण पाहिजे. वरची काळी पालापाचोळ्याची माती चालत नाही, ती भुसभुशीत, तिच्याखालची पिवळसर तपकिरी काढायची, त्यासाठी खड्डे घ्यायचे, त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठतं, आणि तेच पाणी बादलीनं काढून मातीला मारायचं. दगड वेचायचे, मुळ्या काढायच्या, मुळी आत राहिली तर कुजते आणि तिथं पोकळी होऊन लिप बसते. थरावर थर द्यायचा, प्रत्येक थर चोपायचा, आपल्याकडं जमीन करताना धुम्मस घ्यायचे तसंच लोखंडी बुडाचं धुम्मस इथंपण आहे. मग शेवटचा हात खोऱ्याच्या पाठीनं. पाणी शिंपडायचं आणि खोऱ्याची पाठ वरून खाली अशी ओढायची, थापायची, परत ओढायची, तोवर ओढायची जोवर माती चकाकायला लागत नाही. माझी आजी सारवायची तेव्हा तिच्या हाताच्या अर्धगोलांचे ठसे राहायचे, तसे त्या लिपवर खोऱ्याचे ठसे राहतात, आणि बघून सांगता येतं हा हात कोणाचा. दाढीवाल्याचा हात मला ओळखू येतो. माझा त्यालाही येतो, तसं त्यानं एकदा सांगितलं आणि त्या दिवशी मी घरी येईपर्यंत गाडीत गात होते.

पहिल्याच वर्षी मी मूठ दाबून माती बघत होते, सवयीनं, आणि बघते तर दाढीवालापण तसंच करत होता. मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये, आणि बोटानं टोचलं तर दोन तुकडे व्हायला पाहिजेत. आबांची माती वेगळी, ती मऊ पाहिजे, अंग पडलं तर लागू नये अशी, ही दगडासारखी कडक पाहिजे. मूठ मात्र तीच.

आणि हे सगळं दरवर्षी. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठतं, फुगतं, उन्हं आली की वितळतं, रात्री परत गोठतं, आणि वरचा थर फुटून भुगा होतो. एप्रिलपर्यंत निम्म्या लिप्स परत घालाव्या लागतात. उन्हाळ्यात पाऊस येणार म्हटलं की जाऊन ताडपत्र्या घालायच्या, पाऊस गेला की काढायच्या. ओल्यावर चालवायचं नाही, चाकाचा चर पडतो. पानगळीत झाडू मारायचा, रोज. उडी कमी पडून मागचं चाक लँडिंगच्या टोकावर आपटलं तर टोक फुटतं, मग ज्यानं फोडलं त्यानं सायकल ठेवून आधी ते दुरुस्त करायचं, तेव्हाच पुढं. वर गोचीड, पॉयझन आयव्ही म्हणजे अंगाला लागली की खाज उठवणारी वेल. तीन महिने खपायचं तेव्हा कुठं मेच्या शेवटी एखाद्या संध्याकाळी सात-आठ जण एकामागं एक सुटतात, त्याला ट्रेन म्हणतात, आणि पहिला उतरत असतो तेव्हा तिसरा हवेत असतो आणि पाचवा चढत असतो. आवाज जवळजवळ नसतो. टायर टणक भरलेले, जमिनीला लागताना एक हलकं खर्र, मग शांतता, मग परत खर्र. एवढे मोठे बाप्ये झाडांमधून असे वाहत जाताना बघितले की छातीत काहीतरी भरून येतं. माझा पोरगा तेराव्या वर्षी त्या ट्रेनमध्ये शेवटून दुसरा होता. त्याच्या खालची तिसरी लिप मी घातलेली होती.

मग तो सोळा वर्षांचा झाला आणि एक दिवस गॅरेजमध्ये बघते तर सायकलचा ब्रेक काढून ठेवलेला. चाकांच्या आसाला चारी बाजूंनी नळकांडी लावलेली, त्यांना पेग म्हणतात, रेलिंगवरून नाहीतर कट्ट्याच्या कडेवरून घासत जायला. ट्रेल्सवाले बहुधा मागचा ब्रेक ठेवतात, सायकल जरा लांब, स्थिर ठेवतात, स्ट्रीटवाल्यांची मागून आखूड, पुढचा काटा जास्त उभा, चटकन फिरणारी. गॅरेजमधल्या त्या सायकलकडं बघूनच कळलं की हा जंगलातून चालला. पेग लावून ट्रेलवर यायचंच नाही असं नाही, पण लोकांना आवडत नाही, पडलं तर पेग लिपमध्ये घुसतो.

मी भांडले. आता लिहिताना वाईट वाटतं पण भांडले. म्हटलं, तू काय बांधलंस सांग, दुसऱ्यानं बांधलेल्या जिन्यावर जाऊन त्याची कड खराब करायची, वॉचमननं हाकललं की पळायचं, ह्याला काय म्हणायचं. इथं लोकांनी तुला हाताला धरून शिकवलं. तो काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यातून मला एकदम आबा आठवले, पण उलट्या बाजूनं. आमच्या तालमीतली पोरं गादीवर जायला लागली तेव्हा आबा असेच चिडायचे. कुस्तीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, महाराष्ट्र केसरीची शेवटची लढत मातीतला आणि गादीवरचा अशा दोघांत होते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण आबांच्या मते गादी म्हणजे कुस्ती नव्हेच. "मातीत राबल्याशिवाय अंग हुतंय व्हय," म्हणायचे. आणि तेच आबा खाशाबा जाधवांचं नाव काढलं की हात जोडायचे. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापुरात घडलेले, पूर्ण मातीतले. १९४८ ला लंडनला गादीवर उतरले आणि सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गादीवरच आणलं की. हे मी आबांना कधी बोलले नाही. पोरानं मला बोलायला पाहिजे होतं आणि तोही बोलला नाही.

पुढं तो कॉलेजला फिलाडेल्फियाला गेला, इथून दीड तासावर. पहिल्या वर्षी मी डबे घेऊन जायचे आणि यायचे. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "आई, तू आज थांब, मी चालवतो तिथं चल."

त्यानं मला आधी लव्ह पार्कला नेलं. शहराच्या मधोमध चौक, रॉबर्ट इंडियानाचं ते लाल लव्ह अक्षरांचं शिल्प, पर्यटक फोटो काढत असतात. तो म्हणाला, इथं पूर्वी ग्रॅनाइटचे कट्टे होते, पायऱ्या होत्या, जगभरातले स्केटबोर्डवाले इथं यायचे, बीएमएक्सवाले पण. शहरानं बंदी घातली. तेव्हा एडमंड बेकन नावाचे म्हातारे गृहस्थ, शहराचे जुने नियोजनकार, ज्यांच्या कल्पनेतून हा चौक आला, ते २००२ मध्ये, ९२ वर्षांचे असताना, डोक्याला हेल्मेट घालून, माणसांचा आधार घेऊन त्या चौकात स्केटबोर्डवर उभे राहिले. निषेध म्हणून. ९२ वर्षांचा माणूस म्हणतोय की मी बांधलेली जागा ही पोरं वापरतायत ते मला मान्य आहे. पुढं चौक उखडून नवा केला, २०१८ मध्ये उघडला, ते कट्टे गेले. न्यूयॉर्कला ब्रुकलिन पुलाखाली लाल विटांचे उतार आहेत, ब्रुकलिन बँक्स, ते २०१० ला पुलाच्या कामासाठी बंद केले आणि २०२३ ला थोडा भाग परत उघडला, तेव्हा मोठी मोठी माणसं रडली असतील असं पोरगा म्हणाला.

मी गप्प झाले. कारण माझं तोवर असं होतं की ट्रेल्सवाल्याचं जातं तेव्हा काहीतरी जातं, बुलडोझर एका दुपारी दहा वर्षं सपाट करतो, आणि स्ट्रीटवाल्याचं काय जाणार, त्यानं लावलंच काय होतं. एक जिना गेला, दुसरा जिना. तसं नाहीये. त्यांना पण जागेचा जीव लागतो. त्या कट्ट्याची कड कुठं जरा खचलीय, कुठली फरशी हलते, पाऊस पडून गेल्यावर कुठला कोपरा आधी वाळतो, हे त्यांना पाठ असतं.

मग तो आणि त्याचे दोन मित्र एका ऑफिसच्या इमारतीमागं गेले, रविवार होता, कोणी नव्हतं. गुडघ्याएवढा सिमेंटचा कट्टा. आपल्याकडं अशा कट्ट्यावर बसून लोक चहा पितात. पोरानं आधी तळव्यानं कट्ट्याची कड चाचपली, सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खिशातून मेणाचा तुकडा काढून कडेला घासला. झाडूसारखा बुटानं खालचा कचरा बाजूला केला, बारीक खडे हातानं वेचले. मी बघत होते. दगड वेचायला त्याला मीच शिकवलं होतं.

आणि मग त्यानं एकच गोष्ट किती वेळा केली असेल. मी सुरुवातीला मोजत होते, तीसच्या पुढं सोडून दिलं. यायचं, उडायचं, दोन्ही पेग कडेवर ठेवून घासत जायचं आणि शेवटी उलटं फिरून उतरायचं. उतरायला जमत नव्हतं. नडगी फुटली, कोपर सोलवटलं, एकदा असा पडला की मी उठून उभी राहिले आणि त्याच्या मित्रानं माझ्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. मित्र जमिनीवर पालथा पडून कॅमेरा धरून होता, तासभर, त्याच जागी. ट्रेलवर एका संध्याकाळी पन्नास फेऱ्या होतात आणि कोणी शूट करत नाही, इथं एका संध्याकाळी एकच गोष्ट आणि ती कॅमेऱ्यात आली नाही तर जणू झालीच नाही. हा फरक मला आवडत नाही, आजपण आवडत नाही. पण त्या पोरांच्यात बघितलेली चिकाटी मला तालमीच्या उंबऱ्यावरून बघितलेल्या चिकाटीपेक्षा कमी वाटली नाही.

मध्येच सिक्युरिटीवाला आला. वयानं माझ्याएवढा असेल. तो म्हणाला इथं चालत नाही. माझा पोरगा म्हणाला, सॉरी सर, एकच ट्राय. तो माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, ही कोण? पोरगा म्हणाला, माझी आई. त्यानं घड्याळात बघितलं आणि पाठ फिरवून कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथं आमच्याकडं पाठ करूनच उभा राहिला. तीन ट्राय मिळाले. तिसऱ्याला जमलं. सिक्युरिटीवाल्यानं वळून बघितलं नाही, पण ओरडाआरड्यावरून त्याला कळलं असणार.

परत येताना गाडीत मी खूप विचार केला. ट्रेल्सवाले स्ट्रीटवाल्यांना म्हणतात आयतोबा, स्ट्रीटवाले ट्रेल्सवाल्यांना म्हणतात म्हातारे, दाढ्या, सायकलपेक्षा खोऱ्यावर जास्त प्रेम. दोघंही दुसऱ्याच्या जमिनीवर खेळतात हे मात्र दोघांचं सारखंच, सातबारा कोणाच्याच नावावर नाही. मला विचाराल तर माझा जीव मातीतच आहे. कारण मातीत आपण जे करतो ते आपल्यानंतर आलेल्या पोराला वापरता येतं, तो माझ्या लिपवरून उडतो आणि त्याला मी माहीतसुद्धा नसते, आणि बाईमाणूस असून मला तिथं कोणी उंबऱ्यावर थांबवलं नाही. कट्ट्यावर केलेलं तिथंच हवेत विरतं, मेणाचा एक काळा पट्टा राहतो. पण पोराला विरणारंच आवडतं, आणि त्याला ते का आवडतं ते मला त्या दिवशी दिसलं, आता मी त्याच्याशी भांडत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की फेब्रुवारीत दाढीवाल्याचा फोन आला. आमच्या जंगलात झाडांना नारिंगी फिती बांधल्यात आणि जमिनीत खुंट्या ठोकल्यात. मोजणी झालीय. कोण काय बांधणार, कधी, काही कळलेलं नाही. या भागात गोदामं फार वाढलीत, मका होता तिथं आता पत्र्याच्या भिंती, त्यामुळं अंदाज सगळ्यांना आहे. आम्ही जाऊन बघितलं. एक खुंटी बरोबर दुसऱ्या लँडिंगच्या टोकात होती. कोणी उपटली नाही.

मी पोराला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मग या वर्षी खणणार का तुम्ही? मी म्हटलं, होय की, मार्च आला.

गेल्या शनिवारी तो आला. पेगवाली सायकल आणलीच नाही, बसनं आला, बरोबर तो कॅमेरावाला मित्र, कॅमेऱ्याशिवाय. मित्रानं आयुष्यात खोरं धरलेलं नव्हतं, दाढीवाल्यानं त्याच्या हातात दाताळं दिलं. आम्ही पंधरा जण होतो, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्या दिवशी एवढे आलेले मला आठवत नाही. तिसरी लिप हिवाळ्यानं पार खाल्ली होती, ती मी आणि पोरानं घेतली. तो खड्ड्यातनं पाणी काढून देत होता, मी थापत होते. मधेच त्यानं माती उचलली, मूठ दाबली, उघडली, बोटानं टोचलं, आणि म्हणाला, "आई, अजून थोडं पाणी."

मी मारलं थोडं. चारच्या सुमाराला शेवटचा हात दिला, वरून खाली, वरून खाली, आणि लिप चकाकायला लागली. ओली होती, म्हणून कोणी चालवलं नाही. ताडपत्री घातली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पुढच्या शनिवारी किती वाजता यायचं ते ठरवून आम्ही निघालो.